होमडेलची खरखर

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई आणि अंतराळ संग्रहालयात राइट बंधूंचं विमान आहे, चंद्राला जाऊन आलेलं अपोलो ११ चं यान आहे. याच संग्रहालयाच्या संग्रहात कबुतरं पकडायचा एक साधा जाळीचा पिंजराही जपून ठेवलेला आहे. तो आला न्यू जर्सीतल्या होमडेल नावाच्या टाउनशिपमधून. १९६४ साली तिथल्या एका टेकडीवर दोन शास्त्रज्ञ अँटेनात घरटं करून बसलेल्या कबुतरांच्या मागे लागले होते, कारण अँटेनातून एक बारीक, न थांबणारी खरखर येत होती. कबुतरं गेली, खरखर राहिली. ती खरखर म्हणजे विश्वाच्या जन्मानंतर उरलेली ऊब आहे, हे पुढच्या वर्षी जगाला कळलं.

आता खरी गंमत सांगतो. आकाशातून येणारे रेडिओतरंग माणसाने पहिल्यांदा ओळखले, तेही होमडेलमध्येच, याच्या तीस-बत्तीस वर्षं आधी. एकाच टाउनशिपमध्ये, चार-पाच किलोमीटरच्या अंतरात, खगोलशास्त्राची दोन दारं उघडली. तिथे ना वेधशाळा होती ना विद्यापीठ. बटाट्याची शेतं होती, घोडे होते आणि एक टेलिफोन कंपनी होती. हे इथेच का घडलं, हा प्रश्न मला त्या शोधांइतकाच ओढ लावतो.

आपल्याकडे टाउनशिप म्हटलं की गेट, क्लब हाउस आणि बिल्डरची जाहिरात आठवते. न्यू जर्सीतली टाउनशिप म्हणजे स्थानिक स्वराज्याचा एक जुना प्रकार. आपल्या ग्रामपंचायतीला जवळचा. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शाएवढ्या या राज्यात ५६४ स्थानिक संस्था आहेत आणि प्रत्येकीचा नकाशा, कर आणि भांडणं वेगळी. होमडेल टाउनशिप १८५७ साली शेजारच्या रॅरिटन टाउनशिपमधून फुटून निघाली. न्यूयॉर्कपासून तासाभराच्या अंतरावर असूनही २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या होती १७,४००. कारभार पाच जणांची समिती बघते. सभासद तीन-तीन वर्षांसाठी निवडून येतात आणि दर जानेवारीत आपल्यातूनच एकाला महापौर करतात. त्यामुळे महापौर कोण, हे गावकऱ्यांना विचारलं तर एखादा क्षणभर अडखळतोही. आग लागली तर धावून येणारे लोक स्वयंसेवक असतात. घरपट्टीचं बिल बघून मात्र कोणाचीही झोप उडावी, कारण त्यातला सर्वात मोठा वाटा शाळांना जातो. शाळा चांगल्या म्हणून लोक येतात, लोक येतात म्हणून घरं महाग होतात; हे चक्र तिथे स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांनाही तोंडपाठ आहे.

या गावाची गोष्ट सुरू होते ती मात्र समुद्रात. रॅमनेसिन ब्रूक नावाचा एक ओढा होमडेलमधून वाहतो. गुडघाभर पाण्यात चाळणी घेऊन उतरलेली मुलं आणि त्यांच्या मागे कंटाळलेले आईबाप हे तिथलं नेहमीचं दृश्य. ओढ्याच्या काठच्या मातीतून शार्कचे दात निघतात. बोटाच्या पेराएवढे, काळपट, धार अजून शाबूत. ते सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. डायनोसॉर जमिनीवर फिरत होते तेव्हा हा सगळा भाग उथळ समुद्राखाली होता. त्या समुद्राच्या तळाशी ग्लॉकोनाइट नावाच्या हिरव्या खनिजाचे थर साचले. इथले शेतकरी त्या हिरव्या वाळूला मार्ल म्हणत. तिच्यात पोटॅश असतं, थोडं फॉस्फेटही असतं. अठराव्या शतकापासून मॉनमथ परगण्यातले शेतकरी खड्डे खणून मार्ल काढू लागले आणि एकोणिसाव्या शतकात गाड्या भरभरून ती शेतांत टाकू लागले. पिकं घेऊन घेऊन दमलेल्या जमिनीत पुन्हा जीव आला. शेजारच्या टाउनशिपचं मार्लबरो हे नावसुद्धा या मार्लवरूनच पडलं. एका बुडालेल्या समुद्राने पुढे बटाटे पोसले, असा हा व्यवहार.

मूळचे रहिवासी लेनापे जमातीचे. १६६५ च्या सनदेनंतर लाँग आयलंड आणि ऱ्होड आयलंडकडून इंग्रज कुटुंबं आली, मागोमाग डच आले. होम्स, हेन्ड्रिक्सन, लाँगस्ट्रीट ही घराणी पिढ्यान् पिढ्या इथे शेती करत राहिली. लाँगस्ट्रीटांचा वाडा आणि गोठे आता परगण्याच्या उद्यान विभागाकडे आहेत आणि तिथे १८९० च्या दशकातली शेती जशीच्या तशी चालवून दाखवतात. नांगराला घोडे, चुलीवर स्वयंपाक, अंगावर त्या काळचे कपडे. तिकीट नाही. बाजूलाच १७५४ च्या सुमाराचं होम्स-हेन्ड्रिक्सन घर उभं आहे. हे घर मूळचं तिथलं नाही. ते बेल लॅबोरेटरीजच्या जागेत होतं. कंपनीला मोठी इमारत बांधायची होती, तेव्हा १९५९ साली तिने घर दान केलं आणि ते उचलून इथे आणून ठेवलं. आख्खं घर! अमेरिकेत लाकडी घरं अशी हलवतात, हे ठाऊक असूनही त्याचं नवल कमी होत नाही.

बेल लॅबोरेटरीज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था. १९२७ साली न्यूयॉर्क ते लंडन असा टेलिफोन सुरू झाला, रेडिओतरंगांवरून. पहिल्या तीन मिनिटांना ७५ डॉलर. एवढे पैसे मोजून कानाला फोन लावायचा आणि ऐकू काय यायचं, तर चुर्र, खर्र, कडकड. ही खरखर येते कुठून, ते शोधायला कंपनीला शांत जागा हवी होती. विजेच्या तारांचा, मोटारींचा, कारखान्यांचा रेडिओगोंगाट नसलेली, तरी न्यूयॉर्कपासून फार लांब नसलेली. होमडेलची सपाट शेतं या हिशेबात चपखल बसली. १९३० च्या सुमारास कंपनीने तिथे तळ ठोकला.

त्या तळावर कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता होता. त्याला मूत्रपिंडाचा जुनाट विकार होता. त्या तब्येतीने न्यूयॉर्कच्या धकाधकीत नको, म्हणून कंपनीने त्याला खेडवळ न्यू जर्सीत धाडलेलं. म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राच्या जन्मात एका दुखऱ्या मूत्रपिंडाचाही वाटा आहे. जान्स्कीने लाकडी चौकट आणि पितळी नळ्या यांची तीस मीटर लांबीची एक अँटेना बनवली आणि ती फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीच्या चार चाकांवर बसवली. वीस मिनिटांत एक फेरा, अशी ती शेतात गरगर फिरत राही. सहकारी तिला ‘जान्स्कीचं मेरी-गो-राउंड’ म्हणत.

जान्स्कीने महिनोन् महिने नोंदी घेतल्या आणि आवाजाचे तीन प्रकार पाडले. जवळच्या वादळातल्या विजा, दूरच्या वादळांतल्या विजा आणि तिसरी एक मंद, सतत येणारी, कशातच न बसणारी सूंसूं. तिसऱ्या आवाजाचा जोर दिवसातून एकदा वाढायचा. आधी वाटलं, सूर्य असेल. पण महिने लोटले तशी ती वेळ सूर्यापासून निसटत गेली. आवाज चोवीस तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी शिगेला पोचत होता.

ही चार मिनिटं सगळं सांगून जातात. पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी पूर्ण करते ती २३ तास ५६ मिनिटांत. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते, त्यामुळे सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला आणखी चार मिनिटं वळावं लागतं. आपलं घड्याळ सूर्यावर लावलेलं आहे म्हणून दिवस चोवीस तासांचा. ताऱ्यांवर लावलं असतं तर तो २३ तास ५६ मिनिटांचाच झाला असता. तेव्हा जो आवाज २३ तास ५६ मिनिटांचा नेम पाळतो, तो सूर्याचाही नाही आणि पृथ्वीवरचाही नाही. तो ताऱ्यांच्या गावचा आहे. जान्स्कीने दिशा काढली. ती धनू राशीकडे, आकाशगंगेच्या मध्याकडे निघाली. ५ मे १९३३ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. काही दिवसांनी रेडिओवरून देशभर ती सूंसूं लोकांना ऐकवलीही गेली.

आणि मग काय झालं? काही नाही. कंपनीला हवं ते उत्तर मिळालं होतं: हा आवाज टेलिफोनला फारसा नडणारा नाही. जान्स्कीला दुसऱ्या कामाला लावलं. खगोलशास्त्रज्ञांनीही त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. विजेच्या माणसाने आकाशाबद्दल बोलावं, हे त्यांच्या पचनी पडलं नसावं. १९५० साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी जान्स्की गेला. आज आकाशातल्या रेडिओस्रोताची तीव्रता ज्या एककात मोजतात, त्याचं नाव जान्स्की. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओदुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिथल्या नोंदींतही रोज हेच नाव येतं. बहुतेक वेळा मिलिजान्स्की, कारण दूरच्या दीर्घिकांचा आवाज फार क्षीण असतो. खोडदही असंच रेडिओगोंगाटापासून दूरची जागा बघून निवडलेलं आहे.

जान्स्कीची अँटेना पुढे मोडीत निघाली. १९९८ साली ती जिथे उभी होती, ती जागा शोधून तिथे एक छोटं स्मारक उभारलं. १६ सप्टेंबर १९३२ च्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आवाज शिगेला असताना मूळ अँटेनाचं तोंड जिकडे होतं, तिकडेच त्या स्मारकाचं तोंड केलेलं आहे. स्मारक असावं तर असं.

आता टेकडीकडे वळू. क्रॉफर्ड हिल ही मॉनमथ परगण्यातली सर्वात उंच जागा. उंची किती, तर ११९ मीटर. पुण्याच्या माणसाने पर्वतीची आठवण काढून हसावं, एवढीशीच. १९५९ साली बेल लॅबने तिथे एक अजब वस्तू उभारली: ॲल्युमिनियमचा, पंधरा मीटर लांबीचा, अठरा टनांचा कर्णा. त्याचं तोंड सहा मीटर चौरस, निमुळत्या टोकाला एक खोली आणि सगळा डोलारा फिरता. नासाने १९६० मध्ये एको नावाचा तीस मीटरचा चकचकीत फुगा अवकाशात सोडला. जमिनीवरून त्याच्यावर रेडिओतरंग मारायचे आणि परतून येणारा अगदी अशक्त प्रतिध्वनी पकडायचा, यासाठी हा कर्णा. कर्ण्याचा फायदा असा की तो समोरचंच ऐकतो. मागून, खालून, जमिनीकडून येणारा गोंगाट आत शिरू देत नाही. लवकरच टेलस्टारसारखे संदेश स्वतःच वाढवून पाठवणारे उपग्रह आले आणि कर्णा रिकामा पडला. आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन या तरुण शास्त्रज्ञांनी तो आकाश ऐकायला मागून घेतला.

पेन्झियस म्युनिकमध्ये जन्मलेला ज्यू मुलगा; १९३९ साली सहा वर्षांचा असताना नाझी जर्मनीतून मुलांच्या गाडीने बाहेर पडलेला. विल्सन टेक्ससचा. दोघांना आकाशगंगेचा अभ्यास करायचा होता आणि त्याआधी यंत्राचा स्वतःचा आवाज नेमका किती, ते मोजून वजा करायचं होतं. म्हणून त्यांनी द्रव हेलियमने गार केलेला एक संदर्भस्रोत बनवला आणि आकाशाची त्याच्याशी तुलना केली. हिशेबाप्रमाणे जे यायला हवं होतं, त्यापेक्षा साडेतीन अंश केल्व्हिनने जास्त आलं. एवढ्याशा फरकावर दुसऱ्या कोणी पाणी सोडलं असतं. या दोघांनी त्याचा पिच्छा पुरवला.

न्यूयॉर्क शहराकडे कर्णा वळवला, फरक नाही. दिवसा बघितलं, रात्री बघितलं, ऋतू बदलले, फरक नाही. १९६२ च्या उंचावरल्या अणुस्फोटाचा अवशेष असावा, असाही तर्क झाला. पण तसं असतं तर आवाज दिवसागणिक घटला असता. सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. मग कबुतरं. कर्ण्याच्या उबदार टोकाशी कबुतरांच्या जोडीने बस्तान मांडलं होतं आणि आतून सगळं रंगवून ठेवलं होतं. पेन्झियसने त्या रंगाला शास्त्रीय भाषेत ‘पांढरा विद्युत्‌रोधक पदार्थ’ म्हटलं. पिंजरा लावला, जोडी पकडली, कंपनीच्या टपालातून दूर व्हिपनीच्या कार्यालयात पाठवली आणि तिथे सोडली. कबुतरंच ती, दोन-चार दिवसांत घरी हजर! शेवटी त्यांना बंदुकीने उडवलं. कर्णा घासूनपुसून लख्ख केला. साडेतीन अंश होते तिथेच.

त्याच वेळी होमडेलहून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, प्रिन्स्टन विद्यापीठात, रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी एक अँटेना बांधत होते. विश्व एका तप्त, दाट अवस्थेतून सुरू झालं असेल तर त्या उष्णतेचा अवशेष आजही सगळीकडे भरून असला पाहिजे, असं त्यांचं गणित होतं. (असंच भाकित अल्फर आणि हर्मन यांनी १९४८ साली केलं होतं, पण ते सगळे विसरून गेले होते.) मधल्या एका ओळखीच्या खगोलशास्त्रज्ञाकडून पेन्झियसला हे कळलं आणि त्याने डिकींना फोन लावला. प्रिन्स्टनची मंडळी तेव्हा डबे खात बैठकीला बसली होती. फोन ठेवून डिकींनी सहकाऱ्यांना सांगितलं की आपल्या आधी बाजी मारली गेली आहे.

काय सापडलं होतं? विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं होईपर्यंत इतकं तापलेलं होतं की अणू टिकतच नव्हते. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या धुक्यात प्रकाश अडकून पडला होता. तापमान तीन हजार अंशांच्या आसपास उतरलं, अणू जमले, धुकं निवळलं आणि प्रकाश सुटला. तो आजतागायत चालतोच आहे, जवळपास १३.८ अब्ज वर्षं. मधल्या काळात विश्व सुमारे अकराशे पटींनी ताणलं गेलं, त्याबरोबर त्या प्रकाशाची तरंगलांबीही ताणली गेली आणि डोळ्यांना दिसणाऱ्या तेजाचे सूक्ष्मतरंग झाले. तापमान उरलं २.७ अंश केल्व्हिन. तुम्ही हे वाचत बसला आहात तिथेही दर घन सेंटिमीटरमध्ये त्या प्रकाशाचे चारशेच्या आसपास कण आहेत. जुन्या टीव्हीवर स्टेशन लागत नसताना मुंग्या दिसायच्या, त्यातला एखादा टक्का हाच.

या शोधाने ज्यांची पंचाईत झाली, त्यांत आपले जयंत नारळीकर होते. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम करणाऱ्या नारळीकरांनी १९६४ च्या जूनमध्ये हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत मांडला आणि जगभर गाजले. हॉइल स्थिर-स्थिती विश्वाचे पुरस्कर्ते. विश्वाला आरंभच नाही, असं मानणारे. नेमके त्याच उन्हाळ्यात होमडेलचे दोघे आरंभाची ऊब मोजत होते. त्यातला विल्सन तर कॅलिफोर्नियात हॉइल यांच्या वर्गात बसलेला आणि स्थिर-स्थितीकडे कललेला. नारळीकरांनी मात्र हार मानली नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी सिद्धांत मांडला: ही ऊब ताऱ्यांच्या प्रकाशाचीच आहे, अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी ती पसरवून एकसारखी केली आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि पुढच्या उपग्रहांची मापनंही महास्फोटाच्याच बाजूने गेली. तरीही मानलेल्या सत्याला आयुष्यभर प्रश्न विचारत राहायला जी धमक लागते, तिला माझा सलाम आहे. पेन्झियस आणि विल्सन यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

होमडेलचं वैभव तेव्हा शिखरावर होतं. एरो सारिनेनने आरेखलेली बेल लॅबची आरसेबंद इमारत १९६२ मध्ये उघडली. आत पाव मैल लांबीचा उंच दिवाणखाना, प्रवेशाशी ट्रान्झिस्टरच्या आकाराची तीन पायांची पाण्याची टाकी. पुढे सुमारे सहा हजार माणसं तिथे कामाला होती. १९६० मध्ये टाउनशिपची सगळी वस्तीही एवढी नव्हती. स्टीव्हन चू यांनी लेसरने अणू गार केले ते इथे, आर्थर ॲश्किन यांनी प्रकाशाच्या चिमट्यात जिवाणू धरले तेही इथे. दोघांनाही पुढे नोबेल. मग टेलिफोन कंपनी फुटली, मालक बदलत गेले, २००७ मध्ये इमारत ओस पडली. पाडायचं घाटत होतं, पण शास्त्रज्ञ आणि वास्तुविशारदांनी ओरड केली. २०१३ साली एका विकासकाने ती घेतली आणि बेल वर्क्स नावाने दुकानं, कचेऱ्या, खानावळी आणल्या. टाउनशिपचं वाचनालयही तिथेच आहे. ‘सेव्हरन्स’ ही मालिका पाहिली असेल तर ती इमारत तुम्ही पाहिलेलीच आहे.

गाव अजून निमग्रामीण राहिलं याचं श्रेय भाबड्या निसर्गप्रेमाला देण्यात अर्थ नाही. दक्षिणेकडचे ओढे पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात जातात, म्हणून दाट बांधकामाला विरोध. शिवाय १९६४ चाच एक राज्य कायदा आहे: किमान पाच एकर जमीन खरोखर शेतीखाली असेल आणि ठरावीक उत्पन्न दाखवता आलं, तर कर शेतीच्या दराने. उत्पन्नाची अट इतकी किरकोळ की आलिशान बंगल्यामागे ख्रिसमसची झाडं किंवा मधाच्या पेट्या ठेवूनही ती भागते. ही पळवाट आहे, असं शेजारी कुरकुरतात आणि ते खोटं नाही. पण या पळवाटेने पुष्कळ मोकळी जमीनही वाचवली आहे.

खरी कसोटी लागली ती क्रॉफर्ड हिलच्या वेळी. कर्णा १९८९ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे. पण अमेरिकेत नुसत्या त्या दर्जाने खासगी मालकाचे हात बांधले जात नाहीत. बेल लॅबचा वारसा नोकिया कंपनीकडे गेला होता, तिने टेकडी एका विकासकाला विकली. २०२२ मध्ये तिथे पुनर्विकास होऊ शकतो का, याचा अभ्यास टाउनशिपने हाती घेतला आणि गाव खडबडून जागं झालं. न्यू जर्सीच्या कायद्याने समितीची प्रत्येक बैठक खुली असते आणि तिच्यात लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. नाव-पत्ता सांगायचा, ठरलेल्या मिनिटांत बोलायचं, बसायचं. लोक बोलत राहिले, हजारोंनी सह्या केल्या. शेवटी २०२३ मध्ये टाउनशिपने टेकडीची ३५ एकर जागा ५५ लाख डॉलरना विकत घेतली. तिथल्या बागेला नाव दिलं डॉ. रॉबर्ट विल्सन यांचं. सतरा हजार वस्तीच्या गावाने विश्वोत्पत्तीचं स्मारक राखलं, याला मी तरी लोकशाहीतला मोठा पराक्रम म्हणेन.

न्यू जर्सीत कोणाचं ना कोणाचं कोणीतरी असतंच. त्यांच्याकडे गेलात तर मॉल एक दिवस राहू द्या. गार्डन स्टेट पार्कवेचा ११४ क्रमांकाचा एक्झिट घ्या. बेल वर्क्सचा दिवाणखाना सगळ्यांना खुला आहे, जान्स्कीचं स्मारक त्याच आवारात आहे. क्रॉफर्ड हिलला जाण्याआधी मात्र बाग कधी उघडी असते, ते टाउनशिपच्या कचेरीत फोन करून विचारा. मुलं बरोबर असतील तर ओढ्यासाठी चाळणी न्या.